मालक म्हणून मेव्हणा

साहेबांनी आम्हाला लॉनवर बसवलं. व्हरांड्यात वेताच्या खुर्च्या रिकाम्या होत्या. एकीवर कुत्रं झोपलं होतं. "बसा खालीच. तुम्हीच कापलंय ना गवत, स्वच्छ आहे," साहेब म्हणाले आणि स्वतःच हसले. आम्ही चौघी बसलो. ओल्या गवतावर. साड्या भिजल्या.

रोह्याजवळची ही कंपनीच्या बंगल्यांची वसाहत. साहेब तिथल्या कमिटीचे सेक्रेटरी. आम्ही खांब गावाजवळच्या. वर्षानुवर्षं ठेकेदाराच्या हाताखाली इथलं गवत कापत होतो, तण उपटत होतो, पाणी सोडत होतो. ठेकेदार धंदा सोडून गेला, तेव्हा आम्ही म्हटलं, ठेका आम्हालाच द्या. साहेब म्हणाले, ठेका नोंदणी केलेल्या फर्मलाच मिळतो. आणि तोडगा त्यांनी तयारच ठेवला होता. फर्म त्यांच्या मेव्हण्याच्या नावावर काढायची. काम आम्ही करायचं.

"बिलावर तुमची आडनावं बरी दिसत नाहीत," ते म्हणाले.

मेव्हणा झोपाळ्यावर बसून फोनवर बोट फिरवत होता. त्यानं मान वर करून आमच्याकडे पाहिलंही नाही. आमचा होणारा मालक. आयत्या बिळावरचा नागोबा.

माझ्या अंगाची लाही झाली. पण साहेब बोलला की मान खाली, हेच पिढ्यान्‌पिढ्या शिकवलंय आम्हाला.

मग फर्म आमच्याच नावावर निघते का, हे विचारायला पेणला एका सीएकडे गेलो. एकीच्या नावावर धंदा काढणं सगळ्यात सोपं, तो म्हणाला. साधी भागीदारी केली, तर एकीच्या चुकीची भरपाई चौघींच्या घरादारावर येते. प्रायव्हेट कंपनीचा खटाटोप तुम्हाला झेपायचा नाही. एलएलपी म्हणून एक प्रकार आहे. त्यात भागीदारी राहते आणि धंदा बुडाला तरी घरावर जप्ती येत नाही. पण धंदा होवो न होवो, दरवर्षी सरकारला हिशोब द्यावा लागतो. हे सगळं घड्याळाकडे बघत. मग माझ्याकडे बोट केलं.

"तू जरा शिकलेली दिसतेस. तू मालकीण हो, या तिघींना मजूर दाखव. चार बाया एकत्र आल्या की झिंज्याच उपटतात."

साहेबाच्याच पंगतीतला. यांच्या जगात दोनच माणसं, एक मालक आणि एक मजूर. तिसरं काही असू शकतं, हे यांच्या टाळक्यात शिरतच नाही.

बाहेर एसटी स्टँडवर सुगंधा, आमच्यातली थोरली, मला म्हणाली, "लावनीला तुज्या शेतात मी राबते, माज्या शेतात तू. तितं आपुन मजूर व्हतो काय गो? नाय ना. मंग हितं कशाला?"

सावड. आमच्याकडे लावणी अशीच होते. आज सगळ्या तुझ्या शेतात, उद्या माझ्या. मजुरी नाही, धनी नाही. आमच्या आज्या-पणज्या हे करत आल्या आणि हा टायवाला आम्हाला झिंज्यांच्या गोष्टी सांगतो. मी स्टँडवरून तशीच मागे फिरले. एलएलपी काढा, चौघी भागीदार, वाटा सारखा, असं त्याला सांगितलं. त्यानं खांदे उडवले. पण अर्ज भरला.

नोंदणी झाल्यावर साहेबांकडे गेलो. त्यांनी कागद वाचलाही नाही. मेव्हण्याला आत घ्या, नाहीतर ठेका विसरा, एवढंच बोलले.

"साहेब, राबनार आमी नि मालक तुमचा मेव्हना, ह्ये आता व्हनार नाय."

  मी त्यांच्या डोळ्यांत बघून बोलले.

ठेका मेव्हण्याच्या फर्मला गेला. बारमाही काम गेलं. आता पेणकडच्या फार्महाऊसवर मिळेल ते काम धरतो. काही महिने रिकामे जातात, तेव्हा पोटाला चिमटा बसतो. वसाहतीतून निरोप येतात, मेव्हण्याला माणसं मिळत नाहीत, तुम्ही या, रोज वाढवून देऊ. यांना अजून वाटतं, आम्ही रोजावर विकत मिळतो. करार चौघींशी करायचा. नाहीतर गवत माजून त्यांच्या लॉनमध्ये विषारी फुरसं निघालं, तरी आम्ही तिथं पाऊल टाकणार नाही.