समोरच्या दारातले ओठ

दिवे लागले की सहदेव आपल्या दारात येऊन उभा राही आणि ओठ हलवी. आवाज नाही, गुणगुण नाही, नुसते ओठ. गल्लीतली माणसं म्हणत, बिचारा जप करतो. मधल्या गटाराच्या अलीकडे, बरोबर समोरच्या खोलीत राहणाऱ्या दशरथला मात्र ठाऊक होतं की तो जप नव्हता. ते ओठ त्याला लख्ख वाचता येत होते, आणि नेमकं तेच त्याच्या पोटात दुखत होतं.

ही गोष्ट घाटकोपरच्या डोंगरउतारावरच्या चाळीची आहे. गिरणीचा संप होऊन तीन वर्षं झाली होती आणि संप संपला की नाही हे कुणी नीट सांगत नव्हतं. दशरथ आणि सहदेव दोघे एकाच गिरणीत, एकाच साचेखात्यात. साचा म्हणजे कापड विणायचा माग. दीडदोनशे साचे एका छपराखाली धडधडायला लागले की माणसाला स्वतःचा खोकलाही ऐकू येत नाही. म्हणून साचेवाले ओठांनी बोलत. घरची बातमी, जॉबरच्या म्हणजे मुकादमाच्या शिव्या, गावच्या जत्रेची तारीख, सगळं ओठांवर. वर्षा-दोन वर्षांत ज्याला ओठ वाचता येत नाहीत तो साचेवालाच नव्हे.

दशरथ पहिल्या पाळीला असे, सहदेव दुसऱ्या. साडेतीनला पाळी बदलताना इतर साचेवाले साचा सोडून हात झटकून निघून जात. दशरथ तसा जात नसे. समोर सहदेवला उभा करून एकेका साच्याची खबर द्यायचा. "पहिला बरा चाललाय. दुसऱ्याचा धोटा घासतोय. तिसऱ्यावर आज माझ्या हातून दोनदा धागा तुटला, का ते कळलं नाही. चौथ्यावर लक्ष ठेव." चांगलं सांगायचा, वाईट लपवायचा नाही, आणि शेवटी पुढच्या माणसाला एकच काम सोपवायचा. ही त्याची स्वतःची रीत होती, कुणी शिकवलेली नव्हती. त्या रीतीमुळे खात्यात त्याच्या कापडाइतकं निर्दोष कापड दुसऱ्याचं निघत नव्हतं. सहदेव तेव्हा गावाहून नवाच आलेला, बावळट. दशरथदादा दशरथदादा करीत मागे फिरायचा.

आता तोच सहदेव दारात उभा राहून स्वतःलाच पाळी सोपवत होता.

दिवसा तो पंप बसवणाऱ्या एका कंत्राटदाराकडे हमाली करी आणि तिथेच बघत बघत पंपाचं काम शिके. संध्याकाळी त्याचे ओठ सांगत, "आज मोटरची तीन कनेक्शनं जमली. स्टार्टर उघडला, पण पुन्हा बसवताना चुकलो. उद्या फक्त स्टार्टर." दुसऱ्या दिवशी, "स्टार्टर बसला. उद्या फूट व्हॉल्व्ह." महिन्यामागून महिना असाच गेला. डोंगरावरचं गवत हिरवं झालं, पिवळं झालं, कुणी जाळलं, आणि सहदेव रोज एक काम उद्याच्या सहदेवाच्या हातात देत राहिला.

दशरथ एका गोदामावर वॉचमन होता. दिवसभर खुर्चीत बसून तो बंद कुलपाकडे बघे आणि संध्याकाळी घरी येऊन सहदेवाच्या ओठांकडे. त्याचा चहा गार होई.

"काय हो, समोर काय सिनेमा लागलाय?" त्याची बायको वनमाला विचारी.

"बघ तरी त्याका. मेलो माझीच विद्या चोरून खाता."

"मग तुमी का नाय खावत? तुमचीच ना?"

यावर दशरथ तो गार चहा एका घोटात संपवी. आपल्या मागच्या परड्यात उगवलेला वेल कुंपणावरून पलीकडे गेला आणि त्याला शेजाऱ्याच्या बाजूला भोपळे लागले, की माणसाला जे वाटतं ते त्याला वाटे. मुळं माझी, पाणी माझं, आणि भोपळे त्याचे! सहदेवाच्या खोलीवर नवा पत्रा चढला त्या दिवशी दशरथने वनमालेला विनाकारण मीठ कमी आहे म्हणून सुनावलं. मीठ बरोबर होतं.

एका शनिवारी ओठ म्हणाले, "सोमवारी दहाला नाहूरची नवी वसाहत. पंपवाल्याची एकच जागा, राहायला खोली. काम करून दाखवायला लावणार. उद्या सगळं एकदा मनात उघडून पुन्हा बसव."

दशरथ उठून आत गेला. नाहूर, सोमवार, दहा, असं त्याने दोनदा मनात घोकलं.

सोमवारी त्याने गोदामावर आजारी असल्याचं कळवलं, धुतलेला सदरा घातला आणि आग्रा रोडची बस धरली. साडेनऊला तो वसाहतीच्या पंपखोलीत उभा होता. वसाहतीचे सेक्रेटरी राजाराम नावाचे गृहस्थ होते, बोलायला कमी आणि बघायला जास्त. खोलीत दोन पंप. एक जुना, कानठळ्या बसवत चाललेला. दुसऱ्याकडे बोट दाखवून राजाराम ओरडले, "हा फिरतो, पण पाणी वर चढवत नाही! सांगा, का?"

सात महिने वाचलेले ओठ दशरथच्या डोळ्यांपुढे उभे राहिले. तोही ओरडला, "हवा धरली असणार! खाली नळीच्या तळाची झडप, फूट व्हॉल्व्ह, गळतोय! आत पाणी भरून हवा काढायला हवी!"

राजाराम खूश झाले. "वा! काढा मग!" म्हणाले, आणि त्यांनी पाना पुढे केला.

दशरथने पाना घेतला. समोर लोखंडाचं ते धूड. त्यावर चार बोल्ट होते, दोन बुचं, एक नळी. यातलं काय उघडायचं? शब्द सगळे त्याच्या तोंडात होते, पण हाताला त्यातल्या एकाचीही ओळख नव्हती.

तेवढ्यात दारात सावली आली. सहदेव. हातात पिशवी, केस विंचरलेले. त्याने दशरथला पाहिलं, पान्याकडे पाहिलं, आणि एका क्षणात सगळं ओळखलं. दशरथला वाटलं, आता हा ओरडेल.

सहदेवाचे ओठ हलले. जुन्या पंपाच्या गडगडाटात, अगदी साचेखात्यातल्यासारखे.

"आधी बटण बंद कर. वरचं बूच. पाना उलटा फिरव. काठोकाठ पाणी ओत."

राजारामांची पाठ दाराकडे होती. त्यांना काहीच दिसलं नाही. दशरथला सगळं दिसलं, अक्षर न् अक्षर. त्याचा हात बटणाकडे गेला, बटण बंद झालं. पाना वरच्या बुचावर बसला. एक झटका, की जागा त्याची, खोली त्याची. आणि मग सहदेव इतक्या महिन्यांचं उद्या-उद्या घेऊन परत डोंगर चढेल.

पण हात थांबला. चांगुलपणाने थांबला असं मी म्हणणार नाही. चढणाऱ्या पाण्याचा थेंब न् थेंब सहदेवाचा असेल आणि जन्मभर त्या पाण्याशेजारी झोपावं लागेल, हे त्याला सोसेना. जागा आपल्याला देऊनही हाच पुढे राहणार! त्याने पाना खाली ठेवला.

"माका येत नाय," तो राजारामांना म्हणाला आणि बाहेर पडला.

तो वसाहतीच्या फाटकाजवळ दगडावर बसून राहिला. थोड्या वेळाने गच्चीवरच्या टाकीत पाणी पडल्याचा आवाज आला. मग सहदेव आला, हात ओले.

"वाचलंस ना, दादा? मग का नाय केलंस?"

"तुझ्या तोंडातलं पाणी माका नको."

"वा रे वा! नऊ वर्षं मी तुझ्या तोंडातले साचे घेतले, तेव्हा मी नाय लाजलो."

"ते वेगळं."

"काय वेगळं? आणि इतके महिने मी कोणाकडे तोंड करून उभो होतंय? भिंतीकडे? पाळी सोपवताना समोर माणूस लागता, हे तूच सांगितलंस. माका वाटला, तू पाळी घेशील."

दशरथ वर बघेना. हा रागावला असता तर बरं झालं असतं, त्याला वाटलं. याच्याकडे तेवढाही हलकेपणा नाही.

महिनाअखेरीस सहदेव बिऱ्हाड घेऊन नाहूरला गेला. समोरच्या दाराला कुलूप लागलं. दशरथ आता दोन कुलपं बघू लागला, दिवसा गोदामाचं आणि संध्याकाळी हे. एका संध्याकाळी, वनमाला पाण्याला गेली असताना, तो दारात उभा राहिला आणि त्याने ओठ हलवले. "आज काही तुटलं नाही. काही विणलंही नाही. उद्या..." पुढे काही येईना. पाळी सोपवायला उद्याचं काम लागतं, आणि त्याच्यापाशी ते नव्हतं. दुसऱ्या दिवशीही आलं नाही. तिसऱ्या दिवशी ओठांवर आपोआप आलं, "आज दिवसभर सहदेवावर जळलो. रविवारी ते बूच स्वतःच्या हाताने उघडायचं."

तो रविवारी गेला. सहदेवाने काही न विचारता पाना दिला. बूच पहिल्या खेपेला उघडलं नाही, बोटाची साल मात्र निघाली. पुढच्या रविवारी उघडलं. असे साठ-सत्तर रविवार गेले.

पुढे दिंडोशीच्या एका वसाहतीत दशरथला पंपवाल्याची जागा मिळाली. तिथे दिवेलागणीला तो टाकीजवळ उभा राहतो, मुलुंड-नाहूरच्या दिशेला तोंड करून. येणारेजाणारे म्हणतात, म्हातारा जप करतो. ओठ वाचणारं तिथे कुणी नाही, म्हणून ते काय म्हणतात ते मीच सांगतो. पहिलं वाक्य रोज तेच असतं, "सहदेवाचा हात अजून माझ्यापेक्षा साफ आहे." त्यानंतर काय जमलं ते. मग काय चुकलं ते. आणि शेवटी, उद्याच्या दशरथला, एकच काम.