‘आजही नांदावयास तयार आहे’ या वाक्याबाबत तक्रार

तक्रारदार : मी स्वतः. वय चोपन्न, शिक्षण नववी, व्यवसाय अर्जलेखन, बसण्याचे ठिकाण सातारा जिल्ह्यातील एका तालुका कचेरीबाहेरची पत्र्याची शेड.

सामनेवाले : एक, त्या कचेरीच्या पुरवठा शाखेतील अव्वल कारकून. दोन, अर्जदार बाईचा सख्खा थोरला भाऊ. तीन, पुन्हा मी स्वतः.

साक्षीदार : अर्जदार बाई. तिची मुलगी, यंदा दहावी पास. महिलांच्या संस्थेतर्फे सांगलीहून येणारी ताई. शेजारचा झेरॉक्सवाला, ज्याला एरवी कमी ऐकू येते, पण त्या दिवशी सगळे ऐकू आले.

तारखा : पहिला अर्ज दहावीचा निकाल लागला त्या आठवड्यात, बाजाराच्या दिवशी. नकार त्यानंतर पंधरवड्याने. दुसरा अर्ज नकारानंतर पाचव्या दिवशी. दुसऱ्या अर्जाचे उत्तर अद्याप नाही.

नावे मुद्दाम दिलेली नाहीत. नाव छापले की लोक मुद्दा सोडून कोणाची सून, कोणत्या भावकीतली, याच चौकशीला लागतात.

वस्तुस्थिती अशी आहे.

आमच्या शेडमध्ये चार अर्जलेखक बसतात. परंतु नायब तहसीलदारांनी स्वतः बाहेर येऊन ज्याच्या मसुद्याची तारीफ केली, असा मी एकटा. त्या गोष्टीला पुष्कळ वर्षे झाली. नवऱ्याने टाकलेल्या एका बाईचा अर्ज होता आणि त्यात मी लिहिले होते : ‘मी आजही सासरी नांदावयास तयार आहे.’ साहेब म्हणाले, “वाक्य झकास आहे. बाईची अब्रू राखलीत.” तेव्हापासून टाकलेल्या बाईचा अर्ज कशाचाही असो, पोटगीचा, पोलिसातला, शिलाई मशीन मिळण्याबाबतचा, शेवटून दुसऱ्या परिच्छेदात ते वाक्य मी घालीत आलो. बाई घर सोडून आली म्हटले की टेबलामागचा माणूस आधी कागद बघत नाही, तिचे तोंड बघतो. त्या नजरेला हे वाक्य म्हणजे चोख उत्तर, अशी माझी समजूत होती. टंकलेखन यंत्र गेले, लॅपटॉप आला. वाक्य तयार मसुद्यात जागच्या जागी राहिले. बदलायचे ते फक्त नाव आणि गाव.

बाई आली ती मुलीला घेऊनच. माहेर आमच्याच तालुक्यातले, सासर विट्याकडचे. नवऱ्याचे दक्षिणेत लांब एका शहरात सोने गाळण्याचे दुकान. लग्नानंतर दोन वर्षे तिला तिकडे नेले, मग बाळंतपणाला म्हणून माहेरी आणून सोडले ते सोडलेच. तिकडे दुसरा संसार आहे, हे विट्यापर्यंत सगळ्यांना माहीत. बाई कोरेगावच्या एका कापड दुकानासाठी ब्लाऊज शिवते आणि भावाच्या अंगणातल्या एका खोलीत राहते. नाव मात्र अजून सासरच्या रेशनकार्डावर.

“दादा, मला येगळं कार्ड पायजे,” ती म्हणाली. “माझ्या नावाचं. पोरीचं नाव त्यात.”

“अचानक कार्ड कशाला?”

उत्तर मुलीने दिले. “सांगलीच्या हॉस्टेलात नंबर लागलाय. आईच्या कार्डाची झेरॉक्स मागत्यात. महिनाभरात दिली न्हाई तर नंबर जातोय.”

“आन् नंबर गेला तर तिचा मामा मोकळाच हाय,” बाई म्हणाली. “फलटणकडचं स्थळ बघून ठिवलंय. पोरगा फौजी, उसाची जमीन. म्हणतोय, कवातरी करायचंच हाय, मग वय झाकून ठिवू आन् बार उडवू.”

मुलीचे वय सोळा. कायद्याने अठरा लागते हे मामाला ठाऊक आहे. गावाला ठाऊक आहे. पत्रिका ज्याच्याकडे छापायला जाईल त्यालाही ठाऊक आहे.

मी पाव तासात अर्ज उतरवला. बाईने विचारले, “काय लिवलंय?” मी म्हणालो, “तुझं काम झालं असं समज. कर सही.” ही माझी कायमची पद्धत. वाचून दाखवले की बायका शंका काढतात आणि मागे रांग खोळंबते. तिने सही केली. ती सातवी शिकलेली आहे. मी अर्ज तिच्यासमोर सरळ धरला असता तर तिने तो वाचला असता. मी सहीच्या जागेवर बोट ठेवून वरचा मजकूर तळहाताखाली झाकला होता, हे आज आठवते तेव्हा माझ्याच हाताचा मला राग येतो.

पंधरवड्याने बाई परत आली आणि कागद माझ्यापुढे टाकला. त्यावर लाल शाईत शेरा : ‘अर्जदार सासरी नांदण्यास तयार असल्याने कुटुंब विभक्त झाल्याचे सिद्ध होत नाही. सबब अर्ज निकाली.’

मी तडक पुरवठा शाखेत गेलो. अव्वल कारकून डबा खात होते. मी म्हणालो, हा काय न्याय झाला? ते घास न थांबवता म्हणाले, “आवं भाऊसाहेब, तुमीच लिवलंय की. मसुदा तुमचा, शिक्का आमचा. आमी आपलं वाचलं. तुमच्यापेक्षा आमी जास्त वाचतो म्हणायचं.” शेजारचे दोघे हसले. माझ्या मसुद्यावर त्या कचेरीत कोणी हसल्याचा हा पहिला प्रसंग.

दुसऱ्या दिवशी संस्थेची ताई बाईला घेऊन आली.

संस्थेविषयी माझे मत काय होते, हे लपवण्यात अर्थ नाही. महिला दिनाला बॅनर, बॅनरखाली चहा, चहानंतर फोटो. प्रशिक्षणाच्या नावाखाली कामाच्या दिवशी बायका हॉलमध्ये कोंबायच्या आणि पुण्याहून आलेल्या कोणी ‘सक्षमीकरण’ हा शब्द उच्चारून त्यांना झोप आणायची. आणि संस्थेवाल्या फुकट अर्ज लिहून देतात, हा माझा राग होताच; तो मी तत्त्वाचा राग म्हणून सांगत असे.

ही ताई जतकडची, धनगराची, पन्नाशीकडे झुकलेली. बाप मेंढरे घेऊन कोकणात उतरायचा त्या वाटेवर जन्मलेली, असे ती स्वतःच सांगते. तिने कागद उचलला आणि शेडमध्ये उभी राहून मोठ्याने वाचायला लागली. ते वाक्य आले तशी थांबली आणि बाईकडे वळली. “व्हय गं? नांदायला जायाचं हाय तुला?”

बाई म्हणाली, “कुटं?”

“सासरी. इथं लिवलंय तसं. तुझी सही हाय खाली.”

“म्या कवा म्हणलं?” बाईचा आवाज एकदम चढला. “दादा, म्या कवा म्हणलं तुमास्नी? मेले तरी त्या उंबऱ्यावर पाय ठिवायची न्हाई मी. तुमी माझ्या तोंडात कसं काय घातलं?”

मी म्हणालो, असे लिहिण्याचा प्रघात आहे, अब्रू राहते.

“कुणाची?” ताईने विचारले. “तुमची का तिची? आवं भाऊ, लय गोड वाक्य हाय तुमचं. एवढं गोड, की बाईला दर टायमाला परत तिकडंच चिकटवतंय.”

झेरॉक्सवाला मशीन बंद करून बघत होता. मी ताईला म्हणालो, तुम्ही दोन दिवस येणार, मी तीस वर्षे इथे बसतो, मला कायदा शिकवू नका. ती म्हणाली, “कायदा नगं. एक सांगा, गेल्या तीस वर्सांत एका तरी बाईला तिचा अर्ज वाचून दावला काय?”

त्या दिवशी संध्याकाळी घरी न जाता मी शेडमध्येच बसून लॅपटॉप उघडला. मसुदा काढावा तिथे ते वाक्य. एका अर्जावर नजर थांबली. पोलीस ठाण्यात दिलेला होता. त्या पोरीला नवरा मारीत असे आणि तिला संरक्षण हवे होते. माझे वाक्य वाचून ठाण्यातल्या लोकांनी दोन्हीकडची मंडळी बसवली, समेट घडवला आणि तिला सासरी पोचवली. पुढे तिचा बाप तिला दवाखान्यात घेऊन चालला होता, तेव्हा स्टँडवर भेटला. हात गळ्यात बांधलेला. मी तेव्हा तिच्या सासरच्यांना शिव्या दिल्या. पोलिसांना दिल्या. कागदाचा विचार माझ्या मनात आला नाही. इतकी वर्षे आला नाही, हे मी इथे नोंदवतो.

दुसरा अर्ज लिहायला ताईने मलाच बसवले. म्हणाली, “मी लिवला तर कचेरी म्हणंल, संस्थेनं भडकावलं. तुमची भाषा ते वळखत्यात. तुमीच लिवा, पण ती सांगंल तसं.”

मग जे झाले तशी फजिती माझी पूर्वी कोणी केली नव्हती. मी लिहिले, ‘मी एक अबला, निराधार स्त्री.’ ताईने वाचले. बाई म्हणाली, “निराधार कशापायी? मशीन हाय माझी. दोघींचं मी चालिवते. खोडा.” अबला खोडले. ‘पतीने अन्यायाने त्यागलेली’ वाचल्यावर तिने थोडा विचार केला. “त्यागलेली म्हंजी टाकलेलीच ना? आता त्येनं टाकलं का म्या सोडलं, ह्येचं काय? सोळा वर्सं झाली. मी येगळी ऱ्हाते, येवढं लिवा.” प्रत्येक ओळीवर व्हय किंवा न्हाई. न्हाई आले की ओळ गेली. माझ्या दीड पानाचे अर्धे पान झाले. शेवटी तिने स्वतः एक वाक्य सांगितले आणि मी ते ग्रांथिक करून लिहिले : ‘मला सासरी नांदावयाचे नाही. मी व माझी मुलगी हेच माझे कुटुंब आहे.’

अर्ज लिहिण्याचे शिक्षण मला कोणी दिले नव्हते, आणि आता ते मेंढपाळ घरातल्या एका बाईकडून घ्यावे लागले, याचा त्या दिवशी मला संताप आला. आजही थोडा आहे. परंतु खरे ते लिहिले पाहिजे. संस्थेचे काम बॅनरखाली होत नव्हते. ते या शेडमध्ये, ओळ वाचून थांबण्यात होत होते.

तरी संस्थेलाही मी मोकळे सोडणार नाही. त्याच आठवड्यात पुण्याच्या कार्यालयातून एक सर आले. त्यांनी बाईला अर्ज छातीशी धरून उभे केले, फोटो काढला, ‘यशोगाथा’ म्हणून लिहून घेतले. अर्ज अजून मंजूर नव्हता. बाई म्हणाली, “सायेब, कार्ड यायचं हाय अजून.” सर म्हणाले, तिमाही अहवाल आत्ताच द्यायचा आहे. येत्या मार्चला प्रकल्प संपतो आणि ताईचे इकडे येणे बंद होते. नवऱ्याने टाकण्याला मुदत नसते. हक्क मिळवून देणाऱ्यांना मात्र मार्चची मुदत असते, हे कोणाच्या डोक्यातून निघाले?

दुसरा अर्ज घेऊन आम्ही तिघे पुरवठा शाखेत गेलो. गावचा पंचनामा जोडला, स्वयंघोषणापत्र जोडले. अव्वल कारकुनांनी वाचले आणि चष्म्यावरून बाईकडे पाहिले.

“असलं कुटं लिवत्यात का? बाई सोताच नांदायचं न्हाई म्हणतीया. मग चूक तिचीच झाली की. नवऱ्याचा संमतीचा कागद आणा.”

ताई म्हणाली, “सायेब, मागल्या टायमाला तयार हाय म्हणून नाकारलं. आता तयार न्हाई म्हणून. मंजूर व्हायला तिनं नेमकं काय व्हावं, मरावं?”

“माझ्यावर आवाज चढवू नका.”

“चढवत न्हाई. लिवून द्या म्हणते. ह्ये जे बोलला, तेवढंच लिवून सही करा.”

त्यांनी लिहून दिले नाही. अर्ज ठेवून घेतला. पोच मागितली तर म्हणाले, उद्या या. मी रोज समोरच बसतो. रोज उद्या ऐकतो. नवरा सोळा वर्षे ज्या बाईचा फोन उचलत नाही, त्याने तिला कुटुंबप्रमुख होण्याची संमती द्यायची, असा हा नियम कोणत्या पुस्तकात आहे? मी विचारले, पुस्तक दाखवले नाही.

काल भाऊ शेडवर आला. मला म्हणाला, “गड्या, तू आमच्या घरात का घुसतोस? पोरगी हॉस्टेलात बिघडली तर तू निस्तरणार?” मी म्हणालो, सोळाव्या वर्षी फौजीच्या घरी बिघडली तर कोण निस्तरेल? तो म्हणाला, “अर्ज लिवून पोट भरतोस, लय शाना होऊ नगंस.” पाहुणे पुढच्या रविवारी यायचे आहेत. हॉस्टेलची मुदत त्याच्या दोन दिवस आधी, शुक्रवारी संपते. मुलीने दप्तर भरून ठेवले आहे, असे बाई म्हणाली. मामाने ते पाहिले आणि काही बोलला नाही, याचीच तिला जास्त भीती वाटते.

सबब या लेखाद्वारे मागणी करण्यात येते की, उक्त अर्जाचे उत्तर शुक्रवारच्या आत देण्यात यावे. कार्ड द्यावयाचे असल्यास द्यावे. नाकारावयाचे असल्यास ज्या नियमाने नाकारले तो नियम, त्याचा क्रमांक आणि नाकारणाऱ्याची सही यांसह नाकारावे. तोंडी उत्तर स्वीकारले जाणार नाही. तसेच आजवरच्या रिवाजाप्रमाणे पाकिटावर ‘द्वारा, भाऊ अमुक अमुक’ असे न लिहिता ते थेट अर्जदार बाईच्या नावे पाठवावे. ती अंगणातल्या खोलीत राहते. दार रस्त्याच्या बाजूला आहे. पोस्टमनला ते माहीत आहे.