इंग्रजीतला रजेचा अर्ज

हेडसरांनी टेबलावर पाच कागद पसरले. पाचही रजेचे अर्ज, पाचही इंग्रजीत आणि पाचही नववीतल्या प्राचीचे. 'आय वॉज सफरिंग फ्रॉम फीव्हर' हे वाक्य पाचही ठिकाणी जसंच्या तसं.

"बाई, या मुलीला दर महिन्याला ताप येतो? डॉक्टरचं एक सर्टिफिकेट नाही. हजेरी कमी भरतेय. मी तिला वार्षिक परीक्षेला बसू देणार नाही."

कळव्याच्या या मराठी शाळेत मी इंग्रजी शिकवते. हजेरी कमी पडली आणि कारण खरं असलं, तर आमच्याकडे सूट मिळते. थापा मारणाऱ्याला मिळत नाही. मला तर सरांपेक्षा जास्त राग आला. वर्गात मान वर न करणारी मुलगी आणि एवढी धिटाई!

मधल्या सुट्टीत तिला स्टाफरूममध्ये बोलावलं.

"ताप होता का गं?"

"नाय बाई."

"मग खोटं कशाला लिहिलंस?"

ती गोंधळली. "अर्जात तेच लिवतात ना? तुम्हीच फळ्यावर दिलेला."

दिला होता खरा. पत्रलेखनाचा प्रश्न हमखास येतो, म्हणून मी एक नमुना फळ्यावर लिहिते. मुलं तो उतरवतात, पाठ करतात, नाव आणि तारीख बदलतात. मला माझ्या बाईंनीही तापाचाच अर्ज शिकवला होता.

"बरं, खरं कारण काय?"

तिची आई बाजारात मासळी विकते. किडनीच्या दुखण्यासाठी तिला दर महिन्याला तीन-चार दिवस हॉस्पिटलात जावं लागतं.

"पप्पा होडीवर असतात. आयला वाचता येत नाय. कागद सगळे इंग्लिशमध्ये. मग मीच जाते."

"तुला समजतात ते?"

"फास्टिंग म्हणजे उपाशीपोटी. फॉलोअप म्हणजे परत यायचं. एकदा मेडिकलवाल्याने दुसरीच गोळी दिलेली. मी नाव वाचून परत केली."

या मुलीला मी शब्दार्थाच्या चाचणीत दहापैकी तीन दिले होते. मला माझीच लाज वाटली.

"हेच लिही," मी म्हटलं.

ती पेन धरून बसून राहिली. "बाई, असं घरातलं इंग्लिशमध्ये लिवलेलं चालतं?"

चालतं म्हटल्यावर तिने सात-आठ ओळी लिहिल्या. 'माय मदर कॅनॉट रीड. आय रीड फॉर हर.' बाकीच्या ओळींत चुका होत्या. त्या मी तशाच ठेवल्या, आणि ते मला फार जड गेलं.

सरांनी अर्ज दोनदा वाचला. "हॉस्पिटलचे पेपर आणायला सांगा," एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवशी तिने प्लॅस्टिकच्या पिशवीतून सगळे पेपर आणले, तारखेप्रमाणे लावलेले. सरांनी सूट दिली. प्राची परीक्षेला बसली.

त्याआधीच मी वर्गात फळा कोरा ठेवून सांगितलं, "मागची दांडी का मारली, ते खरं लिहा. शब्द अडला तर विचारा."

आधी सगळे एकमेकांकडे बघत बसले. मग एकेक हात वर यायला लागला. "बाई, युनिफॉर्म वाळलाच नाय, हे कसं लिवायचं?" "टँकरच्या लाइनीत उभा होतो?" "सुकत घातलेली मासळी कावळ्यांपासून राखत होते?" तास संपला तरी हात वरच होते.

इतक्या वर्षांत मुलांनी माझ्याकडे शब्द मागितले ते पहिल्यांदाच. तोवर मीच देत आले होते, आणि त्यांना नेमके कोणते हवेत, हे एकालाही विचारलं नव्हतं.