काकांची नमुन्याची बाटली

आमचे काका पाणीपुरवठा खात्यात जंतू तपासायचे. एकोणीस वर्षं त्यांच्या सहीने गावाचं पाणी 'पिण्यास योग्य' ठरत होतं. लांब कोण जाणार, म्हणून नमुना घरच्याच नळाचा! बाटली रोज काकू भरून द्यायची. परवा गल्लीतली निम्मी माणसं काविळीने आडवी झाली, तरी अहवालात जंतू शून्य. चक्रावलेले काका सकाळी प्रथमच स्वयंपाकघरात डोकावले. मी तिथेच होते. काकू पातेल्यातून बाटली भरत होती.

"अगं, हे काय?"

"उकळून गाळलेलं पाणी. रोज हेच देते की!"

काकांनी बाटली उजेडात धरून पाहिली. "आणि नळाचं?"

"ते गढूळ पाणी तुमच्या साहेबांपुढे ठेवू? काय म्हणतील आपल्या घराला!"