तीन नंबरचा सिलिंडर

हसनभाई धनसे आमच्या शेडमध्ये आले ते २००४ साली. त्याआधी चौदा वर्षं ते आखातात विमानांच्या इंजिनांवर काम करत होते. आई अंथरुणाला खिळली म्हणून पनवेलच्या मोहल्ल्यातल्या घरी आले, आणि ती गेल्यावरही पुन्हा तिकडे गेले नाहीत. मी आनंदा कडू, त्या शेडचा फोरमन. वयाने त्यांच्यापेक्षा बारा वर्षांनी लहान, पण सही माझी चालायची.

शेड पनवेलजवळच्या कोन गावाच्या बाहेर होती. फ्लाइंग क्लबांच्या छोट्या विमानांची इंजिनं आमच्याकडे ट्रकने यायची. आम्ही ती उघडायची, झिजलेलं बदलायचं, जोडायची आणि लोखंडी स्टँडवर चढवून पूर्ण जोरात चालवून बघायची. हे शेवटचं काम हसनभाईंचं. चार सिलिंडर, प्रत्येकाला एक वायर, प्रत्येक वायरचा एक आकडा. कोण किती तापतंय ते त्यातून कळायचं. एखादा बाकीच्यांपेक्षा जास्त तापला, तर त्याला पेट्रोल कमी मिळतंय किंवा वारा कमी लागतोय. मग हसनभाई पेट्रोलचे नोझल अदलाबदल करायचे, पुन्हा चालवायचे. चारही आकडे जवळ येईपर्यंत त्यांना चैन पडायची नाही.

आमच्या फॉर्मवर फक्त सगळ्यात मोठा आकडा लिहायचा असे. तो मर्यादेच्या आत असला की झालं. हसनभाई मात्र चारही आकडे स्वतःच्या वहीत उतरवायचे.

२००८च्या एप्रिलमध्ये घाटापलीकडच्या एका क्लबचं इंजिन आलं. बाकीचे तिन्ही सिलिंडर एकशे पंच्याऐंशी अंशांच्या आसपास, आणि तीन नंबरचा दोनशे बावीस. हसनभाईंनी नोझल बदलून पाहिला. तो नोझल दोन नंबरला गेला, पण ताप तीन नंबरलाच राहिला.

"नोझल साफ आहे, आनंदराव," कानातले बोळे काढत ते म्हणाले. "मागच्या पायपात काहीतरी आहे. एक दिवस द्या. चारी पायपांखाली बाटल्या लावतो. कुठल्या बाटलीत पेट्रोल कमी पडतं ते लगेच दिसेल."

बाहेर ट्रक उभा होता. क्लबच्या मुलांच्या परीक्षा तोंडावर होत्या, शेडच्या मालकांचे सकाळपासून तीन फोन येऊन गेले होते.

"मर्यादा किती?" मी विचारलं.

"दोनशे साठ."

"मग आत आहे ना?"

"आत आहे. पण तीन भाऊ एकसारखे जेवतायत आणि चौथ्याच्या ताटात कमी पडतंय."

मी सही केली. स्वतः उभं राहून हसनभाईंनी इंजिन ट्रकवर चढवलं, दोर दोनदा ओढून पाहिले.

सोळाव्या दिवशी ते विमान पडलं. चालवणारा एकटाच होता, निकेश ठाकूर, बावीस वर्षांचा, आपल्या कामोठ्याचा. धावपट्टी सोडून वर चढताना इंजिन बंद पडलं. त्याने मागे वळायचा प्रयत्न केला आणि विमान बाजूवर आडवं होऊन खाली आलं. पेपरात आलं, शिकाऊ वैमानिकाचा अंदाज चुकला.

बातमी मीच हसनभाईंना दिली. त्यांनी वही काढली, ते पान उघडून पाहिलं. मग म्हणाले, "त्या पोराच्या घरी जायचंय मला."

मी बरोबर गेलो. खरं सांगतो, सांत्वनाला नाही गेलो. हसनभाई तिथे काय बोलून बसतील, या भीतीने गेलो.

कामोठ्याच्या जुन्या गावात, सेक्टरच्या इमारतींना लागून ठाकुरांचं घर. निकेशची आई सत्यवती भिंतीला टेकून बसली होती. नवरा आधीच गेलेला. निकेश एकुलता एक.

"ताई," हसनभाई म्हणाले, "त्या विमानाचं इंजिन आमच्याकडून गेलं होतं. मी तपासलं होतं."

ती बाई ओरडली नाही. सरळ होऊन बसली.

"मंग तुमालाच इचारते. मला कोनी सांगत नाय. क्लबवाले सायेब आले नि हार घालून गेले. आमच्या गावातली मानसं बोलतान, पोरानं मस्ती केली आसंल. तुमी सांगा, काय झालं?"

हसनभाईंनी सांगितलं. पेट्रोल कमी मिळालं की सिलिंडर कसा तापतो, तापून तापून आतला दट्ट्या कसा भोक पडून निकामी होतो, सगळं, अगदी सावकाश. शेवटी ती म्हणाली, "त्याच्या म्होरं काटा नव्हता? त्याला दिसलं नाय?"

"काटा होता ताई. पण त्या विमानात एकच काटा असतो, एकाच सिलिंडरचा. तो दोन नंबरचा होता. दोन नंबर ठीक होता. निकेशला शेवटपर्यंत सगळं ठीकच दिसलं असणार."

"मंजी त्याची चूक नाय?"

"नाही. इंजिन बिघडलंय हे त्याला कळायला काही वाटच नव्हती."

मग तिने विचारलं, "मंग कोनाला ठावं होतं?"

हसनभाईंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाले, "मला."

ती तोंडाला पदर लावून रडायला लागली. कोणीतरी पाणी आणून ठेवलं, ते तसंच राहिलं.

परत येताना मी म्हणालो, "झालं ना मन मोकळं? आता वही घरी ठेवा. चौकशीत फॉर्म मागतील, फॉर्ममध्ये सगळं बरोबर आहे."

"फॉर्म बरोबर आहे," ते म्हणाले, "म्हणून तर दोष पोराच्या माथी जाईल."

पुढच्या आठवड्यात चौकशीचे अधिकारी आले आणि हसनभाईंनी वही त्यांच्या टेबलावर ठेवली. त्या पानावर तारीख होती, चारही आकडे होते, आणि खाली एक ओळ: बाटल्या लावायच्या होत्या, लावता आल्या नाहीत. अधिकाऱ्यांनी विचारलं, का नाही आल्या? हसनभाई म्हणाले, "वेळ मिळाला नाही." माझं नाव त्यांनी घेतलं नाही. मी तिथेच खुर्चीवर बसलेलो होतो. मीही घेतलं नाही.

इंजिन उघडल्यावर तीन नंबरच्या पायपात रबराचा बारीक तुकडा सापडला, आमच्याच शेडमध्ये जोडणी करताना राहिलेला. अहवालात लिहिलं गेलं की वैमानिकाला बिघाडाची पूर्वसूचना मिळणं शक्य नव्हतं. एवढं एक वाक्य सत्यवतीबाईंना मिळालं. शेडची मान्यता गेली. अकरा माणसं घरी बसली, त्यात मीही.

त्या रागात मी हसनभाईंशी बोलणं सोडलं. चूक माझी होती हे मला कळत होतं, त्यामुळे राग आणखीच वाढला. ईदला ते शीरखुर्म्याचा डबा घेऊन आमच्या दारात आले. मी आतल्या खोलीत होतो. बायकोला म्हणालो, सांग घरात नाहीत. तिने तसं सांगितलं. त्यांना माझ्या चपला दाराशी दिसल्या असणार. डबा देऊन ते गेले.

नंतर ते बर्फाच्या कारखान्यात कॉम्प्रेसर सांभाळायला लागले. मी कळंबोलीत जनरेटरच्या दुकानात. बाजारात कधी लांबून दिसले की मी गल्ली बदलायचो. पाच वर्षं अशी गेली.

२०१३च्या नोव्हेंबरात, कामावरच, छातीत कळ येऊन हसनभाई गेले. मला दुपारी कळलं. मी मोहल्ल्यात पोचलो तेव्हा जनाजा निघत होता. खांदा द्यायला पुढे झालो, कोणी अडवलं नाही. बायकांमध्ये सत्यवतीबाई दिसल्या, हसनभाईंच्या बायकोचा, ताहिराभाभींचा हात धरून बसलेल्या.

तिसऱ्या दिवशी मी भाभींना भेटायला गेलो. त्यांनी चहा ठेवला.

"ते तुमच्याबद्दल विचारायचे," त्या म्हणाल्या. "आनंदरावांना काम लागलं का म्हणून."

"लागलं," मी म्हणालो. त्या ईदला मी घरातच होतो, हे सांगायचं राहून गेलं. चहा संपवला, आणि उठलो.