पिवळ्याची चिरफाड

आमच्या माहेरी नाटक बघणं हा निम्माच कार्यक्रम असायचा. उरलेला निम्मा घरी आल्यावर, चहाबरोबर. पहिला घोट घशाखाली उतरायच्या आत वडील विचारायचे, "हं, बोला. कसं वाटलं?" आणि मग नायकाच्या उच्चारांपासून पडद्याच्या दोरीपर्यंत सगळ्याची चिरफाड सुरू व्हायची. "बरं होतं" म्हणून सुटका नसे. बरं म्हणजे काय, कुठे बरं, मग दुसरा अंक का रेंगाळला, हे सगळं सांगावं लागे. नाटक आवडलं असेल तर चिरफाड जास्तच. टाकाऊ नाटकावर आमच्या घरी कुणी चहा वाया घालवत नसे.

असल्या घरातली मी, साठीचं दशक नुकतंच लागलं होतं तेव्हा, अडीच वर्षांची लेक कडेवर घेऊन जर्मनीत, ब्राउनश्वाइगला आले. आमचे हे तिथल्या तांत्रिक विद्यापीठात डॉक्टरेट करत होते. विषय, पंपांमधली गळती. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, खिडकीतून समोरच्यांचे पडदे दिसायचे, आणि मराठी माणूस म्हणजे यांच्या विद्यापीठातली दोन-तीन ब्रह्मचारी मुलं. ती यायची, आमटी ओरपायची आणि टर्बाइनवर बोलत बसायची. नाटक नाही, चिरफाड नाही. माझ्या जिभेला गंज चढायची वेळ आली होती.

ती वेळ टळली एका कार्टूनमुळे. कोपऱ्यावरच्या किनोत, म्हणजे सिनेमाच्या थिएटरात, दर रविवारी दुपारी मुलांचा खेळ असे. सहा वर्षं पुरी झाल्याशिवाय आत सोडत नसत, तसा कायदाच होता. त्यामुळे लेकीच्या सहाव्या वाढदिवसाची वाट तिच्याइतकीच मीही पाहिली. खेळात एखादी परीकथा असायची आणि तिच्याआधी एका अमेरिकन कार्टून मालिकेचा एक भाग, जर्मन आवाज चढवलेला. परीकथेशी मला कर्तव्य नव्हतं. मी जायची ती त्या भागासाठी.

नायक दिवसा पोस्टमन. कुठे संकट आलं की टपालपेटीच्या आड जाऊन टोपी काढायचा, पिवळा झगा पांघरायचा आणि उडायला लागायचा. एवढ्यानं गावात कुणी त्याला ओळखेनासं व्हायचं. सकाळी जिच्या हातात पत्र दिलं तीच बाई दुपारी त्याला आकाशात बघून 'हा कोण बाई?' म्हणून डोळे विस्फारायची. लेकीनं आणि मी त्याचं नाव ठेवलं पिवळ्या. मी त्याच्यावर फिदा होते, स्पष्टच सांगते. सहावारीवर लोकरीचा कोट चढवून मी पोरांच्या गर्दीत पुढच्या रांगेत बसायची आणि तो उडाला की टाळ्या वाजवायची. दारावरची तिकीटवाली आधी माझ्याकडे बघून हसायची, मग लेकीकडे.

घरी आलं की चहा, लेकीला दूध, आणि "हं, बोल. कसं वाटलं?" उत्तराची वाट न बघता मीच सुरू व्हायची. "आज भट्टी जमली नाही. मागच्या वेळी पूल पडत होता तर हा क्षणात हजर. आज धरण फुटतंय आणि हा आधी टोपीची घडी घालतोय! खलनायक झकास, पण त्याचं ते हसणं पाणचट. आणि पार्श्वसंगीत? नुसता भडिमार!" लेक दुधात बिस्किट बुडवत, डोळे मोठे करून ऐकायची, आणि मग स्वतःचं म्हणणं ठणकावून मांडायची. जर्मनमध्ये.

कारण आमच्या घरात मराठीला बंदी होती. लेक बालवाडीत गेली तेव्हा बरेच दिवस तोंडच उघडेना. तिथल्या बाईंनी यांना बोलावून सांगितलं, पोरीच्या डोक्यात दोन भाषांचा गोंधळ होतोय, घरी फक्त जर्मन बोला. यांनी घरी येऊन कोटसुद्धा न काढता जाहीर केलं, "आल्झो, तर मग, आजपासून घरात जर्मन."

"आणि मराठी?" मी विचारलं.

"शिकेल की नंतर. मराठी काय पळून जातेय का?"

मला इतका संताप आला की त्या रात्री मी यांना जर्मनमध्येच जेवायला वाढलं. 'बिट्टे', म्हणजे 'घ्या', म्हणून ताट आदळलं. तरी नियम पाळला. पोरीचं नुकसान व्हावं असं कुठल्या आईला वाटेल? मोठ्यांचं आपापसातलं मराठी चालू राहिलं, पण लेकीशी बोलायचं ते जर्मनमधून. फक्त चिरफाड काही मला त्या भाषेत जमेना. ब्रेड मागता येत होता, डॉक्टरला दुखणं सांगता येत होतं. पण 'पाणचट'ला काय म्हणणार? तेव्हा रविवारचा चहा मी अपवाद ठरवून टाकला. हे रविवारीही प्रयोगशाळेत असत, त्यामुळे हरकत घ्यायला कुणी नव्हतं. परिणाम असा झाला की पोरीशी आठवड्यातून एकदा मराठीत बोललं जायचं, आणि तेही निव्वळ परीक्षण. तिला सगळं समजत होतं. तोंडातून मात्र एक मराठी शब्द निघत नव्हता.

अशात मामंजींचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं, यायचं ठरलं. ते जिल्हा कोर्टात नाझर होते. सगळी नोकरी समन्स बजावण्यात आणि जप्त्या करण्यात गेलेली. सासूबाई गेल्यापासून ते एकटे होते, आणि ही त्यांची एकुलती एक नात. बोटीनं जिनोआ आणि तिथून आगगाडीनं आमच्याकडे, दिवाळीपर्यंत राहायच्या बेतानं आले. ट्रंकेत डिंकाचे लाडू, परकरासाठी खण आणि नातीला शिकवायला अंकलिपी. फलाटावर उतरल्या उतरल्या वाकून म्हणाले, "काय गं चिमणे, ओळखलंस का आजोबांना?"

लेकीनं शाळेत शिकवल्याप्रमाणे हात पुढे केला, गुडघा जरा लववला आणि म्हणाली, "गूटन टाग." मामंजींनी तो हात दोन्ही हातांत घेतला आणि बराच वेळ सोडला नाही.

पुढे रोज तेच. ते अंकलिपीतलं बदक दाखवायचे, ती त्याचं जर्मन नाव सांगायची. ते विचारायचे, शाळेत काय झालं. ती सांगायची, आणि मी मध्ये बसून भाषांतर करायची. मामंजींनी कधी तक्रार केली नाही. एकदाच म्हणाले, "सूनबाई, कोर्टात साक्षीदार आणि जज्जसाहेब यांच्यामध्ये दुभाषा बसायचा, तसं झालंय आपलं. साक्ष होते. गप्पा होत नाहीत."

मी यांना म्हटलं, "अहो, निदान मामंजी आहेत तोवर तरी नियम सैल करा."

"हो, पण आत्ता कुठे शाळेत बस्तान बसतंय तिचं," हे म्हणाले.

मग एका संध्याकाळी मामंजींनी यांना परतीच्या बोटीची चौकशी करायला सांगितलं. "थंडीच्या आधी निघावं म्हणतो." थंडी! अजून झाडांवर चेरी लगडलेल्या होत्या. यांना त्यात काही विशेष वाटलं नाही. मला मात्र खरं कारण कळलं होतं. एवढा समुद्र ओलांडून आलेला म्हातारा नातीशी एक सरळ वाक्य न बोलता परत जाणार, हे माझ्यानं बघवत नव्हतं. आणि पुढची भेट कधी, होईल की नाही, कुणी सांगावं?

देवाला साकडं घालावं तर तेवढ्यात माझी अक्कलदाढच उठली. शनिवारी ती काढली, गाल हा असा सुजला, आणि दंतवैद्यानं बजावलं, दोन दिवस तोंड बंद. मला सांगतो, तोंड बंद!

रविवारी हे प्रयोगशाळेत गेले. दुपारी लेक बूट घालून दारात उभी. मी गालाला बांधलेल्या मफलरकडे बोट दाखवून मान हलवली. तिचा चेहरा पडला. मामंजींनी वर्तमानपत्र खाली ठेवलं, टोपी चढवली आणि म्हणाले, "चल, मी येतो." तिला कळलं. तिनं त्यांचा हात धरला आणि जिन्यावरून जवळजवळ ओढतच नेलं.

परत आले तेव्हा चहा तयार होता. मी कप पुढे केले. नेहमीचा प्रश्न ओठांवर आला आणि तिथेच अडकला. सवयीनं भुवया तेवढ्या उडवल्या, हातानं खूण केली. मामंजींना वाटलं, त्यांनाच विचारतेय. त्यांना जर्मनचं अक्षर कळत नव्हतं, पण बघितलं होतं ते कोर्टात बसल्यासारखं, नीट लक्ष देऊन.

"चांगलं होतं," ते म्हणाले. "पण त्या गृहस्थांवर फार अन्याय झाला."

कुठल्या? माझ्या भुवया पुन्हा वर.

"ते टकले. यंत्रवाले. बिचारे आपल्या तळघरात निमूटपणे काम करत होते. एवढं अवाढव्य यंत्र एकट्यानं उभं केलं त्यांनी. आणि तो पिवळ्या झग्यातला दांडगोबा भिंत फोडून आत शिरतो, यंत्राची नासधूस करतो, वर त्यांनाच उचलून नेतो! ना समन्स, ना वॉरंट. अहो, साधी जप्ती करायची तरी दोन पंच लागतात."

टकल्या म्हणजे त्या मालिकेतला सगळ्यात नीच इसम. मागच्याच भागात त्यानं अख्ख्या गावाची वीज चोरली होती. मी तोंड उघडलं आणि अशी कळ आली की डोळ्यांपुढे काजवे चमकले. गाल धरून गप्प बसले.

लेकीनं दुधाचा पेला खाली ठेवला. कान लाल झाले होते. तिनं जर्मनमध्ये तोफ डागली, टकल्या किती दुष्ट आहे याची. मामंजींनी माझ्याकडे पाहिलं. तिनंही पाहिलं, आता सांग म्हणून. मी मफलरकडे बोट दाखवलं.

लेकीनं एक मोठा श्वास घेतला.

"नाही!" ती म्हणाली. "नाही, आजोबा! टकल्या... टकल्या फर्ब्रेशर!"

"म्हणजे?"

तिनं छताकडे पाहिलं, पायाकडे पाहिलं. "चोर! टकल्या चोर आहे!"

"पुरावा?" मामंजी म्हणाले. गंमत म्हणून नव्हे, नातीला बोलतं करावं म्हणूनही नव्हे. चोर म्हटलं की पुरावा मागायचा, ही त्यांची आयुष्यभराची खोड.

"वीज! सगळी वीज त्यानं... घेतली! मागच्या भागात!"

"मागचा भाग मी पाहिलेला नाही. आज तर काही घेताना दिसला नाही तो."

"तुम्ही नीट बघत नाही! तुम्ही डोळे असे केले!" तिनं डोळे मिटून दाखवले.

"ऐकत होतो मी."

"ऐकून काय? तुम्हाला समजत नाही!"

"म्हणून तर तुला विचारतोय ना," मामंजी म्हणाले.

मग काय, धरणच फुटलं. लेकीनं खुर्च्या ओढून पूल केला, टॉवेल पाठीवर घेतला. टकल्याची भूमिका आजोबांना दिली. "मी का?" म्हणून त्यांनी हरकत घेतली, तर तिनं त्यांची टोपी काढून डोक्याकडे बोट दाखवलं. त्यांनी डोक्यावरून हात फिरवला आणि हरकत मागे घेतली. शब्द अडला की ती जर्मन शब्द घुसवायची, ते "म्हणजे?" म्हणायचे, ती हातवारे करून मराठी शब्द शोधून काढायची. वाक्यं उलटीपालटी, क्रियापदं कुठेही. पण मध्येच एकदम ठणठणीत, "पिवळ्या चांगला आहे. पण आज भट्टी जमली नाही. हसणं पाणचट!"

मामंजींनी कप खाली ठेवला. "पाणचट? हिला 'पाणी दे' म्हणता येत नाही, आणि पाणचट?" त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. मी खिडकीबाहेर समोरच्यांचे पडदे बघू लागले. रडत होते मी. दाढेमुळे नाही.

मामंजी शेवटपर्यंत मानले नाहीत. टकल्यानं वीज घेतली असेलही, पण पंचनामा व्हायलाच हवा होता, या मुद्द्यावर ते ठाम होते. ती तावातावानं सांगत होती की पिवळ्याला उडायची घाई असते, तो पंच कुठून आणणार? ते म्हणत होते, मग दोन पंचांना पाठीवर घेऊन उडावं. ती यावर विचार करत होती, तेवढ्यात दार उघडून हे आत आले.

"ना, वी वार इस इम किनो?" यांनी नेहमीप्रमाणे विचारलं, किनोत कसं काय होतं म्हणून.

लेकीनं मागे वळूनही पाहिलं नाही. टॉवेल सावरत, एक हात वर करून म्हणाली, "अहो, थांबा ना जरा! आम्ही बोलतोय."

यांना 'अहो' म्हणून हाक मारताना तिनं मलाच तर ऐकलं होतं, दुसरं कुठून येणार? मामंजींना असा ठसका लागला की चहा धोतरावर सांडला. मला हसताही येईना, दोन्ही हातांनी गाल धरून बसले. हे दारातच उभे. लेकीकडे पाहिलं, वडिलांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता नियम निघणार, आणि मी गाल फुटला तरी बेहत्तर, बोलायच्या तयारीनं उठले.

यांनी हातातली बॅग हळूच भिंतीशी ठेवली. मग लेकीला मराठीत विचारलं, "मी बसू का इथे?"