खंडेनवमीला किटलीची पूजा करायची कशी?

मंडळी, आज सकाळपासून माझं डोकंच चालेना झालंय.

खंडेनवमी म्हणून टिळकवाडीतल्या आमच्या घरी स्कूटर, मिक्सर, शिलाई मशीन धुऊन-पुसून पूजेला मांडत होते. विजेची किटली नळाखाली धरणार, तोवर सूनबाई ओरडली, "आई, ती भिजवू नका! खाली वायरी असतात."

मी नळ बंद केला. ऐंशी-ब्याऐंशी साली, नवी सून असताना, हेच मी सासूबाईंना सांगितलं होतं. पण उशिरा.

उद्यमबागेतल्या कारखान्यात कामाला असणाऱ्या माझ्या दिरांनी तेव्हा घरात पहिली किटली आणलेली. खंडेनवमीला सासूबाईंनी ती चिंच लावून घासली, घंगाळात बुडवली, कुंकू लावलं आणि लगेच चहाचं पाणी ठेवलं. हात लावला तसा करंट बसला. त्या किंचाळल्या, मी धावत जाऊन भिंतीवरचं बटण बंद केलं.

"पूजा करूनसुदिक मारलं गं हिनं?" त्या हात चोळत म्हणाल्या.

"आत्याबाई, बूड भिजलंय तिचं. वायर काढून, गार झाल्यावर नुसती ओल्या फडक्यानं पुसायची."

"मग पुजायची कशी गं?"

मग त्यांनीच करंडा उघडला आणि कुंकू माझ्या कपाळाला लावलं. का, ते कधीच बोलल्या नाहीत.

एवढं माहीत असून आज माझाच हात नळाकडं कसा गेला?

शेवटी किटली फडक्यानं पुसली. कुंकवाचं बोट तिच्यापर्यंत नेलं, पण ते मला वेळेत अडवणाऱ्या सूनबाईच्या कपाळाला लावलं.

"आई, मला का?" ती विचारतेय.

काय सांगू तिला?